अजून नाय मिलाला

बोईसर
१४ मे १९६७

विश्राम,

वर 'प्रिय' लिहिलं होतं, ते खोडलं. नमस्कारही लिहीत नाही, कारण तू तो घेणार नाहीस. कार्ड न घालता पाकीट घातलंय ते मुद्दाम. कार्ड तुझ्या हातात पडेपर्यंत अर्ध्या एडवणचं वाचून होतं.

हंसावहिनी, हे पत्र तुम्हीच विश्रामला वाचून दाखवणार, म्हणून आधी तुम्हाला विनंती. सासूबाई, म्हणजे साखरमावशी, घरात असतील तर पाकीट फोडू नका. मागच्या अंगणात न्या आणि तिथं वाचा.

विश्राम, तू गावात सांगतोस म्हणे, की पुंडल्यानं घात केला. माझी आई तुमच्या बाजूला मासळी घ्यायला आली होती, तिनं कानानं ऐकलं. टोपली तिथंच ठेवून ती घरी आली. मला फार लागलं ते. तुझ्यावर कबड्डी संघटनेनं तहहयात बंदी घातली, त्याच महिन्यात कंपनीनं तुला कामावरून काढलं, याचं मला वाईट वाटत नाही असं समजू नकोस. तू किनाऱ्यावरचा मच्छीमार, मी वाडीतला बागायतदार, पण हुतुतू आपण एकाच वाळूत शिकलो. तारापूरला कंपनीच्या कबड्डी संघात आपल्याला घेतलं तेही एकाच दिवशी. पण घात करायला माणसाला आधी काही करावं तर लागतं. मी काय केलं ते सांग.

वहिनी तिथं नव्हत्या, म्हणून त्यांच्यासाठी सगळं लिहितो. ५ फेब्रुवारीला पालघरला व्यावसायिक गटाचा अंतिम सामना होता. मध्यंतराला आमची कंपनी नऊ गुणांनी पुढे. त्यातले सात विश्रामनं एकट्यानं चढाईत आणलेले. तेवढ्यात गावचा जानू एडवणहून सायकल हाणत आला. विश्रामचा भाऊ महादू सकाळी होडीवर गेला होता आणि होडी त्याच्याशिवाय परत आली होती. एवढंच लिहितो. पुढचा शब्द तुमच्या घरात कुणी काढत नाही. माणूस हाती लागत नाही तोवर तो काढायचा नसतो, हे मला ठाऊक आहे, तेव्हा मीही काढत नाही. विश्राम मला बाजूला घेऊन म्हणाला, "मी जातो. कोनाला बोलू नको. बोललं की तसंच होतं." आणि अंगातल्या गंजीफ्रॉकवरच जानूच्या सायकलवर बसून गेला. मी कर्णधार होतो. मुख्य पंचांना मी सांगितलं, विश्रामच्या पोटात कळ आली. शेवटी सामना आम्ही तीन गुणांनी हरलो. मग बोभाटा झाला, की दुसऱ्या कंपनीनं विश्रामला विकत घेतला.

अकरा दिवसांनी पालघरला चौकशी झाली. तू मला म्हणालास, तू शिकलेला, तू संगती चल, म्हणून मी आलो. अध्यक्षांनी तुला विचारलं, "तुम्ही सामना सोडलात?" तू म्हणालास, "होय. सोडला."

अरे बाबा, आपल्याकडे सोडला म्हणजे अर्ध्यावर टाकून गेला. त्यांच्याकडे सामना सोडला म्हणजे पैसे खाऊन हरवून दिला. तुला त्यांचं कळलं नाही, त्यांना तुझं कळलं नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, आणि हात तुझा होता. मला तिथं कुणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.

कंपनीनं मला कायम केलं हे तुझ्या कानावर आलंच असेल. मी मागायला गेलो नव्हतो.

उत्तर पाठव. नुसत्या शिव्या असल्या तरी चालतील.

पुंडलिक


बोईसर
२३ ऑगस्ट १९६७

विश्राम,

तीन महिने झाले, तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहीत राहीन, मला दुसरं काय काम आहे. कामावरून आलं की आमच्या खोलीत चौघं जण, एक स्टोव्ह आणि एक खिडकी. खिडकीशी माझी वळकटी असते म्हणून लिहिता येतं.

नारळी पौर्णिमा झाली. होड्या पाण्यात गेल्या असतील. तू त्याच होडीवर जातोस असं आईनं सांगितलं. दुसऱ्या कुणाच्या होडीवर जागा नव्हती का? मी असतो तर त्या होडीत पाय ठेवला नसता. पण मी तुझ्याएवढा धीराचा कधी नव्हतोच, ते तुलाही ठाऊक आहे.

आईनं आणखी एक सांगितलं. साखरमावशी विचारेल त्याला म्हणतात, आमचा महादू बोईसरला अणुशक्तीच्या कामावर लागलाय, त्याला सुट्टी मिळत नाही. हे त्यांना कोणी सांगितलं? तूच सांगितलं असशील. आपल्याकडची सगळी माणसं हल्ली इकडंच येतात, तेव्हा खोटं वाटायचं कारण नाही. बरं केलंस का वाईट केलंस, मला कळत नाही.

आमच्या खोलीत एक वेल्डर आहे, बनारसकडचा. त्यानं तुझा पालघरचा पहिला डाव बघितला होता. अजून विचारतो, "वो आपका चढ़ाईवाला किधर गया?" मी सांगतो, गाँव गया. परवा तो म्हणाला, "क्यों गया? अच्छा भला खेलता था." मी त्याच्यावर उगाच खेकसलो. नंतर त्याला चहा पाजला.

संघटनेकडे जाऊन भाषेचा घोळ समजावून सांगावा असं माझ्या मनात आहे. आता पावसापाण्याचे ते लोक भेटत नाहीत. दसरा झाला की जातो. शब्द देतो.

पुंडलिक


बोईसर
३० जानेवारी १९६८

विश्राम,

दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मी गेलो नाही. कामाचा व्याप होता असं लिहायला बसलो होतो, ते फाडलं.

परवा कोळगावच्या सामन्यांत तू मला बघितलंस. मी तुला बघितलं. त्यावर लिहितो.

मला त्यांनी पाहुणा म्हणून बोलावलं होतं. कंपनीच्या संघाचा कर्णधार, म्हणून नारळ फोडायला आणि खुर्चीत बसायला. एडवणचा संघ त्यात उतरणार हे मला तिथं गेल्यावर कळलं, आणि संघात तू असशील हे तर स्वप्नातही नव्हतं. गावच्या पोरांना वाटलं असणार, बंदी ती कंपन्यांच्या सामन्यांना, खेड्यातल्या मैदानात कोण विचारतो. तू सदरा काढून दोरीवर टाकलास, मांडीवर हात मारलास आणि खाली वाकून मातीला हात लावलास. वर्षभर अंग खेळात नव्हतं, तरी बघणारी माणसं सरसावून बसली.

तेवढ्यात पंच माझ्या खुर्चीशी आले. त्यांच्या हातात संघटनेचा कागद होता. म्हणाले, "या माणसाला उतरवलं तर दोन्ही गावांवर बंदी येईल. हाच ना तो? तुम्ही तर ओळखत असाल."

विश्राम, मला म्हणता आलं असतं, नाही, तो नव्हे. म्हणता आलं असतं, तोच आहे, पण त्याच्यावर अन्याय झालाय, आधी माझं ऐका. दोन-तीनशे माणसं होती, सगळ्यांसमोर निकाल लागला असता. मी मान हलवली. होय म्हणून.

तू दोरीवरचा सदरा काढलास, उलटाच अंगात घातलास आणि चालता झालास. तुझ्या जागी त्यांनी एक कोवळा मुलगा घातला. एडवण हरलं. मी बक्षीस दिलं आणि फोटोला उभा राहिलो.

आता एक सांगतो. मेमधल्या पत्रात मी लिहिलं होतं, की चौकशीत मला कुणी काही विचारलं नाही. ते खोटं होतं. मला विचारलं होतं. तू तिथंच बसला होतास, तुला ते माहीत होतं. मी ते वहिनींसाठी लिहिलं होतं, त्यांना खरं वाटावं म्हणून.

काय विचारलं आणि मी काय बोललो ते आज लिहवत नाही.

पुंडलिक


बोईसर
१० नोव्हेंबर १९६८

विश्राम,

दहा महिने मी लिहिलं नाही. तुला सुटल्यासारखं वाटलं असेल.

माझा खेळ गेला आहे. चढाईला गेलो, की समोरच्या अंगणात चार पावलांवर दम तुटतो. पंच बाद देतात. डॉक्टरनं छाती तपासली, म्हणाला काही नाही. पोरं मागून हसतात. संघात आहे तो केवळ कायम आहे म्हणून. हे मी दया यावी म्हणून लिहीत नाही. तुझ्या जागेवर बसून मला ती जागाही राखता आली नाही, हे तुला कळलेलं बरं.

आज सगळं लिहितो. वहिनी, खरोखर मागच्या अंगणात जा.

अध्यक्षांचा पहिला प्रश्न मी तुम्हाला कळवला आहे, सामना सोडलात का. विश्राम म्हणाला सोडला. पुढचं मी लपवलं. ते म्हणाले, "कुणाच्या सांगण्यावरून?" विश्राम म्हणाला, "घरच्या." मग त्यांनी चष्मा काढून विचारलं, "आणि काय मिळालं?"

विश्राम खाली बघत राहिला. मग म्हणाला, "अजून नाय मिलाला."

त्यांच्या डोक्यात पैसा होता. पैसा अजून मिळाला नाही, असं त्यांनी ऐकलं. कारकुनानं तसंच उतरवून घेतलं. तो लिहिताना मी बघत होतो.

तू महादूचं सांगत होतास, तो अजून सापडला नाही असं. अकरा दिवस तू आणि जानू किनारा धुंडाळत होतात, वर डहाणूपर्यंत आणि खाली अर्नाळ्यापर्यंत, प्रत्येक गावात विचारत. तुला वाटलं, कुणीतरी यांना सांगितलंय आणि ही भली माणसं महादूची विचारपूस करतायत. तुझे डोळे भरले. अध्यक्षांनी बाजूच्या माणसाला हळूच म्हटलं, पश्चात्ताप झालाय. तेही मी ऐकलं.

मग ते माझ्याकडे वळले. माणूस काही वाईट नव्हता रे. त्यांना शंका आली असणार. म्हणाले, "कर्णधार, तुमच्या गावचं बोलणं तुम्हाला कळतं. आम्ही बरोबर ऐकलं ना?"

मी म्हणालो, "बरोबर ऐकलंत."

दोन वर्षं होत आली, मी स्वतःला सांगतो, की शब्द तर त्यांनी बरोबरच ऐकला होता. 'नाय मिलाला' असंच तू म्हणालास. मग मी खोटं काय बोललो. असा वकील मी स्वतःच स्वतःला लावला आहे आणि रोज रात्री खटला हरतो.

का बोललो नाही, ते विचारशील. पहिलं हे, की तू मला बजावलं होतंस, कोनाला बोलू नको. त्या शब्दामागं मी लपलो, तो पाळला नाही. पाळायचाच असता तर मी म्हणालो असतो, साहेब, याच्या घरी दुःख आहे, यापुढं विचारू नका. तेवढ्यानंही भागलं असतं. दुसरं, पोटात कळ आली असं मी पंचांना सांगितलं होतं, ते उघडं पडलं असतं. आणि तिसरं, कायमची जागा एक होती. साहेबांनी मला आधीच सांगितलं होतं, दोघांतला एक घेऊ, हा सामना बघून ठरवू. सामना त्यांनी बघितला होता. सात गुण कोणाचे होते तेही बघितलं होतं. मध्यंतराला लोक तुझं नाव घेऊन ओरडत होते आणि मी तुझ्या शेजारी पाणी पीत उभा होतो. माझं नाव त्या मैदानात कुणाला माहीत नव्हतं.

जळलो मी. बाकी सगळी कारणं नंतर गोळा केली.

आता मी संघटनेकडे जाणार आहे. या वेळी शब्द देत नाही, जाऊन आलो की लिहीन.

पुंडलिक


बोईसर
२ मार्च १९६९

विश्राम,

जाऊन आलो. एकदा नव्हे, चारदा.

पहिल्या खेपेला अध्यक्ष भेटले नाहीत. दुसऱ्या खेपेला त्यांच्या घरी मी बोललो आणि ते ऐकत राहिले. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "दोन वर्षं कुठं होता तुम्ही?" मी म्हटलं, बोईसरला. त्यांना ती थट्टा वाटली असेल. त्यांनी जुनी वही काढून तुझं ते 'नाय मिलाला' पुन्हा वाचलं आणि वही मिटली. मग बायकोला हाक मारून म्हणाले, आज मी जेवत नाही.

तिसऱ्या खेपेला समिती बसली. माझी जबानी लिहून घेतली. कंपनीलाही कळवलं. मला संघातून काढलं, नोकरी ठेवली आहे पण गोदामात. संघटनेनं माझ्यावर दोन वर्षांची बंदी घातली. मी म्हटलं, जन्माची घाला. अध्यक्ष म्हणाले, "सामना सोडल्याला जन्माची आहे. चौकशीत खोटं बोलल्याला दोनच वर्षं. नियम आम्ही तुमच्यासाठी बदलू काय?" तुला न केलेल्याची जन्माची आणि मला केलेल्याची दोन वर्षं. मी उठून आलो.

आता तुझं. ते बंदी उठवायला तयार आहेत. चौथ्या खेपेला त्यांनी मला कागद दिला. ते म्हणतात, नुसत्या तुमच्या तोंडच्या शब्दावर निकाल फिरवला तर उद्या कुणीही येईल. त्या दिवशी घरी तसंच घडलं होतं याचा काहीतरी पुरावा हवा. मी गावच्या दप्तरात बघून आलो. तिथं महादूची नोंद नाही. कशी असेल, तुम्ही कुणी ती केलीच नाही. तेव्हा घरच्या माणसांनी लिहून द्यायचं. कागदावर महादूचं नाव आहे, ५ फेब्रुवारी १९६७ ही तारीख आहे आणि पुढं तुमच्या घरात काढत नाहीत तो शब्द आहे. खाली तुझी सही आणि साखरमावशींचा अंगठा.

मी त्यांना सांगितलं, हे होणं कठीण आहे. ते म्हणाले, दोन वर्षांनंतर काय कठीण? त्यांना समजावता आलं नाही मला. मला तरी कुठं पुरतं समजतं, मी वाडीतला.

पण विश्राम, तू सव्वीसचा आहेस. पाच-सहा वर्षं सहज खेळशील. दुसरी एक कंपनी तुला घ्यायला तयार आहे, मी विचारून ठेवलंय. फक्त एक सही आणि एक अंगठा. मावशींना काय लिहिलंय ते सांगायलाही नको. त्यांना वाचता येत नाही.

हे शेवटचं वाक्य लिहिलं आणि माझी मलाच लाज वाटली. खोडत नाही, तुला दिसू दे.

कागद टपालानं पाठवत नाही. घेऊन येतो.

पुंडलिक


बोईसर
७ एप्रिल १९६९

विश्राम,

काल येऊन गेलो, ते वहिनींनी सांगितलं असेल. तू होडीवर होतास. तू नसताना यावं असं ठरवून मी आलो नव्हतो, पण तू नाहीस म्हटल्यावर माझ्या छातीवरचं ओझं उतरलं हेही खरं.

मावशी अंगणात सुकट पाखडत होत्या. फार थकल्या आहेत. मी समोर उभा राहिलो तर सूप खाली ठेवून म्हणाल्या, "वाडीतला ना रं तू? पुंडलिक." मी होय म्हटलं. वहिनींनी पाणी दिलं. कागद माझ्या खिशात होता आणि अंगठ्यासाठी शाईची डबीसुद्धा मी बोईसरहून घेऊन आलो होतो, एवढा मी शहाणा.

मावशी म्हणाल्या, "बोईसरला असतोस न?"

"हो."

"मंग आमचा महादू भेटतो का तुला?"

मी वहिनींकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली. कोंबड्या सुकट टिपायला आल्या तरी मावशी त्यांना हाकलत नव्हत्या, माझ्या तोंडाकडे बघत होत्या.

मी म्हणालो, "भेटतो."

"बारीक झालाय का?"

"नाही. चांगला आहे."

"जेवतो कुठं?"

"खानावळीत."

"मासळी असते का तिथं?"

"रविवारी असते."

"मंग सुट्टी का नाय देत त्याला?"

"काम मोठं आहे मावशी. संपलं की देतील."

त्यावर त्यांनी मान डोलावली, जशी व्यवहारातली गोष्ट पटल्यावर माणूस डोलावतो. मग घरात गेल्या आणि सुक्या बोंबलांची पुरचुंडी बांधून घेऊन आल्या. "त्याला दे. खानावळीत भाजून देतील म्हन."

मी ती घेतली. नाही कशी म्हणणार. ती आता इथं खोलीत खुंटीला आहे, वेल्डर वासानं कुरकुर करतो. मी ते खाऊ शकत नाही आणि टाकूही शकत नाही.

ज्या दिवशी एक खरा शब्द बोलायचा होता, त्या दिवशी माझी वाचा बसली होती. काल खोटं बोलायला तोंड किती सहज उघडलं बघ. रडू मला वाटेत यष्टीत आलं. कंडक्टरनं विचारलं, घरात कोण वारलं का.

कागद वहिनींजवळ ठेवला आहे. शाईची डबी परत आणली. अंगठा घ्यायचा की नाही, ते तू ठरव. तू खेळावंस, एवढंच मला हवं आहे. तू माझ्याशी बोलू नकोस, पण खेळ.

पुंडलिक


एडवण
१९ एप्रिल १९६९

पुंडलिकभाऊ,

तुमची सगली पत्रं मी वाचून दाखवली. पयलं सोडून एक पन त्यांनी फाडलं नाय. पत्र्याच्या डब्यात ठेवली हायत. मला लिवायला नीट येत नाय, तरी ते बोल्ले तू लिव, म्हनून लिवते.

तुमचा कागद या पाकिटात परत पाठवते. सही केली नाय. अंगठा पन घेतला नाय.

मी त्यांना तीन डाव वाचून दाखवला. कंपनी घेईल हे पन सांगितलं. मी बोलले, करा सही, आईंना नाय कलनार. मला वाटत होतं त्यांनी खेलावं. सामने असले की ते लांब दर्याकाठी जाऊन बसतात, पोरांचा आवाज ऐकू येऊ नये म्हनून. ते मी बघते, दुसरं कोन बघत नाय.

त्यांनी कागद घडी करून माझ्या हातात दिला. मंग बोल्ले, "मी खेललो नाय तर मरत नाय. महादूला माझ्या हातानं मारायचा नाय मला."

तुमी पत्रात असं लिवलंत, की आईंना वाचता येत नाय. नाय येत. पन आईंना काय ठाव नाय असं मला वाटत नाय. आमच्या घरात कोन काय इचारत नाय. तुमी गेल्यावर आई त्या दिसाला पोटभर जेवल्या. दुसऱ्या दिवशी केस इंचरून घेतले माझ्याकडून. शेजारी जाऊन सांगून आल्या, बारीक नाय झाला, रविवारी मासली खातो. दोन वर्षांत असं झालं नव्हतं. बोंबील तुमी खाऊन टाका, ठेवले तर कीड पडेल.

हे सगलं मी त्यांना रात्री सांगितलं. ते उठून भाईर गेले. सकाली मला बोल्ले, "पुंडल्याला लिव. मी त्याच्याशी कदी बोलनार नाय. त्यानं माझ्या समोर यायचं नाय. पन दर म्हयन्याला एक डाव येऊन आईला सांगून जायाचं, महादू भेटला, बरा हाय."

मी इचारलं, कवापर्यंत. ते बोल्ले, ती हाय तवर.

मंग मी बोलले, एवडं खोटं त्यांना कसं जमेल. ते बोल्ले, जमेल त्याला.

तर पुनवेच्या उधानाला या, मासली तवाच लागते. तवा होड्या भाईर असतात, ते घरी नसतात.

हंसा